डावा तळहात

मी तिच्या मनगटावर फटका मारला. सात वर्षांपूर्वी चौकशीच्या कागदात मात्र मी लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे भांडं कलंडलं.’ ते खोटं आहे.

परभणीच्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. ती माझ्याकडे संशोधन करत होती, रोज पिंगळीहून रेल्वेने यायची. प्रकाशाचा परिणाम होणाऱ्या खास काचेत आम्ही केसाहून बारीक भोकांची जाळी कोरत होतो. आडवी, उभी आणि खोलवर. अशी जाळी ठरावीक प्रकाशाला आत शिरूच देत नाही. पुण्याहून लेसरने काचेच्या पोटात नक्षी आखून आणायची, इथे भट्टीत तापवायची, मग आम्लात बुडवायची. लेसर फिरलेला भाग आम्ल आधी खातं. ते काच खातं म्हणून प्लास्टिकच्या भांड्यात ठेवतात. माणसाच्या कातडीतून ते हाडापर्यंत उतरतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही.

निवृत्तीला तीन महिने उरले होते. घाईपायी त्या दिवशी मी आम्ल दुप्पट कडक केलं, तिला न सांगता. तिने नेहमीच्या वेळेला काच बाहेर काढली. जाळी ढासळली होती. वर्षभराच्या कामाचा चुरा.

“घड्याळ कळत नाही का तुला?” मी ओरडलो.

“वेळ बरोबर हाय सर. आम्लच कडक झालंय. बाटली बघा की, किती खाली गेली.”

तिचं खरं होतं, म्हणूनच माझा हात उठला. तिने धरलेलं भांडं तिच्याच डाव्या हातावर उलटलं आणि आम्ल हातमोज्यात शिरलं.

तिने नळाखाली हात धरला. “दुखंना सर काहीच.”

या आम्लावरचं मलम माझ्या कपाटात होतं, किल्ली खिशात. मी कपाट उघडलं नाही. टेबलावरचा काचेचा चुरा गोळा करत बसलो. तासाभराने ती किंचाळली. तळहात पांढराफटक पडला होता, नखांखाली काळं धरलं होतं. दवाखान्यात मांस कापून काढावं लागलं.

तिचे वडील किराणा दुकानदार, घर लिंगायत. ते एवढंच म्हणाले, “सर, आमच्यात पूजेला इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात. पोरीनं आता कशावर घ्यावं?”

“हातमोजा नीट घातला नव्हता तिनं,” मी म्हणालो. खाटेवरून ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं संशोधन तिथेच थांबलं.

मागच्या सोमवारी पिंगळीला गेलो. ती पूजेला बसली होती. आकडलेल्या बोटांत लिंग ठरत नव्हतं. उजव्या हाताने खालून आधार दिला होता. पूजा आटोपल्यावर मी माफी मागितली.

“माफी घरात मागायलाय तुमी,” ती म्हणाली. “ठपका तिकडं कागदावर हाय. च्या घेता का?”

चहा तसाच ठेवून मी उठलो.

आज हे सगळं लिहून प्राचार्यांपुढे ठेवलं. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस. “सर, आता कशाला? जुनं झालं ते.”

“पोच द्या,” मी म्हणालो.

शिक्का मारलेली प्रत खिशात आहे. पिंगळीची गाडी अजून लागलेली नाही.