बंद घराचं लाइट बिल

मंडळी, आज डोकं फिरलंय. महिनाभर आम्ही भोकरदनला बहिणीकडं होतो. निघताना आईनं फ्रिज रिकामा करून मेन स्विच बंद केला. म्हणली, "आता बघते बिल कसं येतंय!"

आज संध्याकाळी बदनापूरला परतलो, तर दाराच्या कडीत बिल. वापर शून्य, तरी रक्कम आहेच.

आई म्हणली, "मी तर मेन बंद करून गेल्ते. मंग हे कशाचं?"

"स्थिर आकार. वीज वापरा न वापरा, द्यायचाच."

"आन् खालचं?"

"त्या आकारावर सरकारचं शुल्क."

"म्हंजे अंधारावरबी टॅक्स?"

निवडणुकीत स्वस्त विजेच्या बाता मारणाऱ्यांनो, द्या उत्तर. घरात अंधार पडला होता. मी मेन स्विच चालू करायला हात नेला, तर आईनं अडवलं.

"राहू दे. अंधाराचे पैसे भरायचेत ना? मंग जरा वापरू तर दे!"