वहिनींचे चार रविवार

मी आयुष्यात एकदाच एका निरपराध उंदराला तडीपार केलं आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही चिंचपोकळीला चाळीत राहायचो. दोन खोल्या आणि माणसं तीन, आई, वहिनी आणि मी. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, बोटीवर भटारखान्यात नोकरीला. मी एका गिरणीच्या ऑफिसात उमेदवार कारकून होतो. पण ते फक्त दहा ते पाच! पाचनंतर मी पुढारी. पुढारी म्हणजे पोस्टरं चिकटवणारा. (भाषणाला कुणी उभं करत नव्हतं, त्याला मी काय करणार?)

वहिनींना सातवा महिना होता. ठाकूरद्वारची मुलगी, मॅट्रिक झालेली, बोलायला मऊ. दादानं एका जोडीदाराबरोबर त्यांच्यासाठी विलायती बिस्किटांचा डबा पाठवला होता. दोन गोल बिस्किटं, मधे कापसासारखं पांढरंशुभ्र काहीतरी गोड, आणि वरून सगळ्याला चॉकलेटचा झगा! डब्यात मोजून बारा. सोबत चिठ्ठी होती, "दर रविवारी एक खा. डबा संपला की मी आलोच."

झालं! वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघणंच सोडून दिलं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की त्या डबा काढायच्या, एक बिस्कीट बशीत घ्यायच्या आणि अर्धा तास पुरवून पुरवून खायच्या. मग उरलेली मोजून झाकण लावायच्या. "आठ राहिले, भावोजी," असं मला सांगायच्या. बिस्किटं आठ राहिली असं नव्हे, रविवार आठ राहिले!

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पहिलं बिस्कीट मी चळवळीसाठी खाल्लं. घोषणा देऊन देऊन घसा बसला होता, घशाला काहीतरी मऊ हवं होतं. दुसरं खाल्लं ते पहिलं खरंच एवढं चांगलं होतं की माझा भास होता, हे बघायला. तिसऱ्याला मात्र काही कारण नव्हतं. आणि चौथं खाल्लं ते तिसरं खाल्ल्याच्या दुःखात.

बुधवारी वहिनी फळी पुसायला गेल्या आणि डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"भावोजी, सात हवीत. तीनच आहेत."

"उंदीर!" मी म्हणालो. एवढ्या झटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

"उंदरानं खाल्ली?"

"दुसरं कोण खाणार?"

"आणि खाऊन झाकण परत लावलं?"

"मुंबईचे उंदीर आहेत, वहिनी!"

वहिनी हसतील असं मला वाटलं होतं. त्या खाली बसल्या आणि डबा पदराखाली धरून रडायला लागल्या. "डबा संपेल आणि हे येणार नाहीत. मग मी काय मोजू?" असं म्हणाल्या. त्या वाक्यानं माझ्या पोटातली चारही बिस्किटं दगड होऊन बसली. खरं सांगतो, त्यानंतर लाठीमारात पाठ सुजली माझी, पण एवढं लागलं नाही कधी.

आई मालवणची. तिला रडणं कळत नाही, उपाय कळतो. तिनं माळ्यावरचा पिंजरा काढला, भाकरीचा तुकडा अडकवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत एक उंदीर! बिचारा कुठून आला देवाला ठाऊक. आई पिंजऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. "मेल्या, पोटुशी बायचा खाणां खातस? डोहाळो अडलो तर पोराचे कान फुटतत, ठावूक आसा?" उंदीर माझ्याकडे बघत होता. तो पिंजरा घेऊन मी रेल्वेपुलापलीकडे गेलो, दार उघडलं आणि चक्क हात जोडून म्हटलं, "भावा, माफ कर." मग तिथंच शपथ घेतली, वहिनींचे चार रविवार परत भरेपर्यंत गोडाचा कण जिभेवर ठेवणार नाही! (ही शपथ लक्षात ठेवा. सगळा घोळ तिनंच केला.)

फोर्टातली दुकानं पालथी घातली. तसली बिस्किटं कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. शेवटी धोबीतलावला गोवेकर दर्यावर्दींची कूड, म्हणजे उतरायची जागा, आहे, तिथं दादाचा जुना जोडीदार पेद्रू उतरला होता, त्याला गाठलं. तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "त्यात काय आसा? अंड्याचा पांढरा घे. फेट. साखरेचा पाक कर, त्यात चायनाग्रास उकळ, तो गरम गरम वरून वत आणि परत फेट. हात तुटला तरी थांबायचा नाय. मग झाकून दोन तास ठेव. हात लावायचा नाय, बघायचा नाय! मग दोन बिस्किटांमधे भर आणि कोको, साखर, वनस्पती तुपात बुडव. खलास!"

मी घरी येऊन छाती फुगवून जाहीर केलं, "वहिनी, रविवारी तुमच्या डोहाळेजेवणाला ती बिस्किटं मी घरी करणार! आणि तुमच्यासाठीच नाही, आलेल्या सगळ्या बायकांसाठी!"

वहिनी म्हणाल्या, "उंदराची भरपाई तुम्ही का करताय, भावोजी?"

मी म्हटलं, "माणुसकी!"

रविवारी सकाळी आईनं पहिला खोडा घातला. "आज ओटी भरूची आसा. माझ्या चुलीवर अंडां चढूचां नाय." म्हणून मी शेगडी बाहेर गॅलरीत मांडली. तिथं एक शेगडी आधीच पेटलेली होती, तीही माझीच. संध्याकाळी लालबागला सभा, तिच्या पोस्टरांसाठी मैद्याची खळ शिजत होती. दोन शेगड्या आणि दोन पातेली. पातेलीही आईच्या लग्नातली, जर्मनची, जुळी! एका हातानं खळ ढवळायची, दुसऱ्या हातानं अंडी फेटायची. अर्ध्या चाळीला वाटलं, मुलगा नोकरी सोडून खानावळ काढतोय.

समोरच्या खोलीतल्या ठकूमावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. यांचं तोंड पहाटे नळाबरोबर सुरू व्हायचं, पण नळासारखं बंद व्हायचं नाही. "काय रे वसंता, हे चिकट चिकट काय करतोस?"

"एक भिंतीसाठी आहे, मावशी, आणि एक तुमच्यासाठी."

"मेल्या, नीट बघ हो, नाहीतर भिंत गोड व्हायची!" (त्यांच्या जिभेवर तीळ होता असं आई म्हणायची. असणारच!)

बारा वाजता दोन्ही पातेली तयार झाली. दोन्ही पांढरी आणि चिकट. मी दोन्हींवर ताट झाकलं आणि नळावर अंघोळीला गेलो. अंगाला साबण लावला तोच गजाची हाक आली. गजा म्हणजे माझा मित्र, पोस्टरांचा जोडीदार.

"वश्या, खळ कुठंय रे?"

"गॅलरीत! डाव्या बाजूचं पातेलं ने!"

आता आमच्या चाळीला दोन जिने, दोन टोकांना. मी रोज पुढच्या जिन्यानं येतो, माझं डावं ते डावं. गजा त्या दिवशी मागच्या जिन्यानं आला. त्याचं डावं म्हणजे माझं उजवं! हे माझ्या लक्षात आलं ते चार तासांनी. तोवर मी डोळ्यांतला साबण धुऊन, भांग पाडून, उरलेल्या पातेल्यातला माल मन लावून बिस्किटांमधे भरलेला होता.

रंग जरा करडा वाटला. म्हटलं, गिरण्यांची हवा. चव घेऊन बघावी असं मनात आलं, पण शपथ आडवी आली. चवीशिवाय सगळं तपासलं! बोटाला चिकटतंय? चिकटतंय. ओढलं तर तार येते? येते. पेद्रू पुढे असता तर पाठ थोपटली असती. कोकोत बुडवून चोवीस बिस्किटं ताटात मांडली, तेव्हा ती अशी चकाकत होती की आई म्हणाली, "झिला, ह्यां तू केलंस?" मी फक्त मान झुकवली. थोर माणसं बोलत नाहीत.

चार वाजता डोहाळेजेवण सुरू झालं. वहिनी हिरव्या साडीत, दंडाला फुलांच्या वाक्या, आणि चाळीतल्या पंधरा-सोळा बायका भोवती. ओटी भरून झाली. मी ताट घेऊन आत गेलो. वहिनींनी बिस्कीट उचललं, हुंगलं, डोळे मिटले. दादा आठवला असणार. मग एक मोठा घास घेतला.

चावलं. चावलं. चावतच राहिल्या. डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि दात न उघडता म्हणाल्या, "छान... झालंय... भावोजी."

मी आनंदानं बाकीच्यांना वाटत सुटलो! ठकूमावशींनी तर आख्खं एकदम तोंडात टाकलं. आणि त्या खोलीत असं काही घडलं, जे आमच्या चाळीत पूर्वी कधी घडलं नव्हतं आणि पुढेही घडलं नाही. सोळा बायका एकत्र बसल्या होत्या आणि शांतता होती! कुणी टाळूला जीभ लावून बसलेली, कुणी बोटानं दाढ मोकळी करतेय. ठकूमावशी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, पण वरचे दात खालच्यांना सोडेनात. मला वाटलं, बिस्किटाच्या चवीत रमल्या सगळ्या.

तेवढ्यात गजा दारात. धापा टाकतोय, सदऱ्याला मुंग्या, हातात आमचं पातेलं.

"वश्या, ही कसली खळ दिलीस रे? भिंतीवर मुंग्यांचा मोर्चा निघालाय! शंभर पोरं भिंत चाटताहेत! आणि एक बकरी मागच्या पायांवर उभी राहिली आणि पोस्टरावरची वरची ओळ खाऊन गेली!"

"कुठली ओळ?"

"मुंबईसह!"

ज्या मुंबईसाठी आम्ही एवढं रान उठवलं होतं, ती मुंबई बकरीनं खाल्ली! मी हातातल्या ताटाकडे पाहिलं. मग बायकांकडे पाहिलं. मग सगळं उमगलं. मी मटकन वहिनींच्या पुढे बसलो.

"वहिनी, ही खळ आहे. मैद्याची. पोस्टरांची."

वहिनींनी मान डोलावली. तोंड अजून मोकळं झालं नव्हतं.

"आणि उंदीर नव्हता. मीच होतो. चारही मीच खाल्ली. मला क्षमा करा."

आईनं कपाळावर हात मारला. "म्हणजे त्या उंदराक मी फुकट गाळी घातलंय?"

वहिनींचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, रडल्या! पुन्हा रडवलं मी त्यांना! पण त्या हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कसाबसा घास गिळून म्हणाल्या, "भावोजी, मला बुधवारपासून ठाऊक होतं. उंदराच्या मिशीला चॉकलेट लागत नाही. तुमच्या लागलं होतं!"

(मिशी नवीन होती. आरशात फारशी दिसायची नाही, पण चॉकलेटला सापडली.)

"मग बोलला का नाहीत?"

"घरात एकच पुरुष. तोही तोंड लपवून फिरायला लागला असता, तर मी कुणाशी बोलायचं?"

या माऊलीला मी उंदराची गोष्ट सांगितली होती! गजाचं पातेलं ओढून घेतलं. अर्धं त्यानं बादलीत ओतलं होतं, तळाशी पांढरंशुभ्र उरलं होतं. "कुंचा यात बुडवला होतास?" मी विचारलं. "नाही रे, आईशप्पथ!" गजा म्हणाला. त्या शपथेवर मी आजही विश्वास ठेवतो, कारण दुसरा इलाज नाही. घरात आठ कोरी बिस्किटं शिल्लक होती. तिथंच, सोळा बायकांच्या पहाऱ्यात, मी ती भरली आणि उरलेल्या कोकोत बुडवली. बरोबर चार झाली. वाकडीतिकडी, एकाचा झगा तर पार गुडघ्यापर्यंतच. वहिनींनी ती डब्यातल्या तिघांशेजारी ठेवली आणि मोजली. सात. त्यातलं एक त्या दिवसाच्या रविवारचं म्हणून तिथंच खाल्लं, अगदी पुरवून पुरवून.

"कसं झालंय?" मी भीत भीत विचारलं.

"गोड," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. या वेळी खरंच रडल्या होत्या. मीही रडलो. ठकूमावशींचंही तोंड एव्हाना सुटलं होतं, त्यामुळे पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

पाच रविवार गेले, सहावा आला. शेवटचं बिस्कीट उरलं आणि दादाचा पत्ता नव्हता. वहिनींनी ते अर्धं मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं ठेवलं. "डबा अजून संपला नाही," म्हणाल्या. बुधवारी दादा आला. तोवर ते अर्धं असं वाळलं होतं की त्याला पाटाही पुरला नसता. दादानं ते चहात बुडवून खाल्लं आणि विचारलं, "हे कुठल्या बोटीवरचं गं?"

"बोटीवरचं नव्हे," वहिनी म्हणाल्या. "आपल्या घरच्या उंदरानं केलंय."

पुतण्या झाला. कान उत्तम आहेत, माझी ही गोष्ट त्यानं किमान दोनशे वेळा ऐकली आहे. आता तो परळला मोठ्या जागेत राहतो, वहिनीही त्याच्याकडेच असतात. मी गेलो की चहा येतो, बिस्किटांची बशी येते आणि वहिनी आतून हाक मारतात, "सूनबाई, भावोजी आलेत गं!" मग सूनबाई माळ्यावरून आईचा तो पिंजरा काढते आणि बशीशेजारी आणून ठेवते. मी हल्ली आधी पिंजऱ्याचं दार लावून घेतो, आणि मगच बिस्किटाला हात लावतो.