वीस बाळंतपणांच्या सह्या

"तू नवापूरच्या कोळीवाड्यातली ना? मग लेबर रूममध्ये तुझं काय काम? माझ्या क्वार्टरवर बोंबील आलेत, साफ करून ठेव."

नर्सिंगच्या शाळेतल्या आमच्या ट्यूटर सिस्टर म्हणाल्या. सगळ्या मुलींसमोर. पालघरच्या शिकल्यासवरल्या घरातल्या दोघी फिस्सकन हसल्या. एकीने नाकाला रुमाल लावला. मी अंगात पांढरा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, तशीच गेले. त्यांच्या मोरीत बसून बोंबील साफ केले.

मग ते रोजचंच झालं. बाकीच्या मुली बाळंतपणं करायला शिकत होत्या, मी सिस्टरांची मासळी आणि भांडी करत होते. पण परीक्षेला प्रॅक्टिकलची वही लागते. वीस बाळंतपणं स्वतःच्या हाताने केली असं तीत लिहायचं, प्रत्येकाखाली सिस्टरांची सही. माझी वही त्यांनी एका दुपारी बसल्या बसल्या भरून दिली. वीसच्या वीस. मी दोन पाहिली होती, तीही दारातून.

खोटं कशाला बोलू? मला बरंच वाटलं. सुटले म्हटलं. घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा, सिस्टर माझ्यावर खूश हायत. अपमान झाला तो झाला, पण ती वही मी आनंदाने घेतली. त्याची लाज अजून जात नाही.

शेवटच्या वर्षी, भरदुपारी, वॉर्डात डोंगराकडची एक बाई माझ्या हवाली केली. तासाभरापूर्वी बाळंत झालेली. माझ्याच वयाची. म्हणाली, "बाय, मना हीव वाजते."

थंडी वाजते म्हणते, म्हणून मी तिला ब्लँकेट घातलं. पायापर्यंत नीट खोचलं. शहाणी मी! अशा वेळी पांघरूण काढून रक्त जातंय का ते बघायचं असतं. पोटावर हात ठेवून गर्भाची पिशवी घट्ट होईपर्यंत चोळायची असते, ओरडून डॉक्टरांना बोलवायचं असतं. माझ्या हातांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रक्त गादीतून लादीवर ठिबकलं, तेव्हा कळलं.

ती गेली. तिच्या आईने माझा हात धरला. "तू तिला मायेनं पांघरवलास, बाय. तुजा भला होवो."

मी तो आशीर्वाद घेतला. केसपेपरवर मरणाचं कारण 'अशक्तपणा' लिहिलं गेलं, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी माझी वही उघडली. "छान. वीस पूर्ण." सिस्टर शेजारीच उभ्या.

"यातलं एकही मी केलेलं नाय," मी म्हटलं. "मी बोंबील साफ केलेत. सह्या खोट्या हायत. आणि माझ्या हातून एक बाई मेलीय."

सिस्टर किंचाळल्या, "दाखवलीस ना शेवटी लायकी!"

"दाखवली. मला नापास करा."

नापास झाले. पुढचे सहा महिने लेबर रूममध्ये काढले, रोज, हट्टाने. सिस्टरांच्या क्वार्टरची पायरी पुन्हा चढले नाही.

आता मी ट्यूटर आहे. मुली मला खडूस म्हणतात. म्हणू देत. मी मुलीचा हात धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवते, पिशवी घट्ट झालेली तिच्या तळव्याला कळेपर्यंत सोडत नाही. परवा सरावलीची एक पोरगी रडत आली. म्हणाली, अठरा झालीत, दोन राहिलीत, बापाची कंपनीतली नोकरी सुटलीय, तेवढी सही करा. जीव तुटला माझा. म्हटलं, "रड बाय. पण सही मिळणार नाय. पुढच्या परीक्षेला बस."

दुसऱ्या दिवशी तिची आई आली, माझ्या पाया पडली. तिला उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि तेच सांगितलं.