बसण्याची तपासणी

गल्लीत तिला उद्याबाई म्हणत. शिवणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण गिऱ्हाईक दारात आलं की, "उद्या या." पायमशीनवर एक शिवण मारली की बाई पोटरी चोळत बसे. मशीनची खडखड थांबली की आतून थोरल्या नणंदेचा आवाज येई, "दमलात वाटतं, वहिनी? बसून बसून?"

वर्षानुवर्षं हे ऐकून बाईलाही वाटू लागलं होतं, आपण आळशीच असू. म्हणून दवाखान्यात पोटरीच्या तपासणीच्या दिवशी तिला आजाराची धास्ती नव्हती. सगळं ठीक निघेल, याची होती. मग आळसावर दवाखान्याचा शिक्काच बसायचा, आणि तो वाचायला वन्सं जातीने हजर होत्या.

"स्नायूतला फॉस्फरस बघायचाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कामाची ताकद त्याच्या जोरावर साठते. खर्च झाली की पुन्हा भरते."

"आगपेटीतला फॉस्फरस?" वन्संनी विचारलं. "मग आमच्या वहिनींची पेटी दमट असणार."

एमआरआयच्या मोठ्या चुंबकाच्या खोलीबाहेर मशीनवाल्याने विचारलं, "अंगावर धातूचं काही?"

"छे," म्हणत बाईने कॉलरमधून टाचण्या काढल्या, मग बाहीतून सुई, मग केसांतून आणखी एक.

"ताई, माझ्या मशीनचा साळिंदर केला असता तुम्ही."

आत पोटरीला पट्टा बांधून त्याने पायाखाली प्लास्टिकचं पायडल दिलं. बाई खुलली. पोटरीत गोळा येईपर्यंत दाबत सुटली. तेवढ्यात कानाशी आवाज आला, "थांबा. आता काहीच करू नका."

"झालं?"

"आता तर खरं सुरू. पाय विसावतो कसा, ते मशीन बघतंय."

बाईच्या बसण्यावर आजवर सगळ्यांचा डोळा होता, पण इतक्या आदराने कोणी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पोटरीचा नकाशा दाखवला, चौकोनाचौकोनांचा. "इतरांचं चटकन भरतं. यांचं इथे, इथे, फार हळू भरतंय. कारण शोधू आपण. पण दमणं खरं आहे."

आजाराची बातमी ऐकून बाईचा चेहरा पास झालेल्या पोरीसारखा उजळला.

"म्हणजे इतकी वर्षं..." वन्सं म्हणाल्या आणि थांबल्या. अर्धं वाक्य टाकून देणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मध्येच बाई बाकावर टेकली आणि सवयीने टोमण्याची वाट पाहू लागली. वन्सं शेजारी येऊन बसल्या.

"भरायला किती वेळ लागतो हो?"

"होईल हळूहळू."

"होऊ दे की," वन्सं म्हणाल्या, आणि चपला काढून त्यांनीही पाय लांब केले.