चिंचेनं घासलेली रोमन नाणी

मुलगा सकाळी आठला ऑफिसला गेला की परदेशातल्या बिशान नावाच्या उपनगरात, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरायचे. तो तिथे इंजिनिअर, लग्नाचं नाव न काढणारा. मी पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. केर काढायला यंत्र, कपड्यांना यंत्र, दुपारी त्याचं जेवण बाहेर. दिवस खायला उठायचा.

ओट्याच्या कोपऱ्यात काचेच्या बरणीत पाणी आणि त्यात बारा मातकट, काळपट चकत्या होत्या. रोमन नाणी आहेत, ब्राँझची, दीड हजार वर्षांपूर्वीची, असं तो म्हणाला. जमिनीतून निघतात तशीच मातीसकट विकतात म्हणे. एवढं सांगून त्यानं लॅपटॉप उघडला.

दिवाळी जवळ आली तशी मी देवाची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत केली. चिंच थोडी उरली होती, दुपार अख्खी उरली होती. बरणी उपसली. जुन्या टूथब्रशनं एकेक नाणं असं घासलं की लालसर चकाकायला लागलं. एकावरचा राजा घासता घासता नाकासकट गेला. मळच असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि लक्ष्मीपूजनासाठी सगळी ताटलीत मांडली.

संध्याकाळी त्यानं एक नाणं उचललं, उलटून पाहिलं, खाली ठेवलं.

"छान केलंस," तो म्हणाला. "पण तू कशाला दमतेस? आराम कर."

जेवला, स्वतःचं ताट धुतलं. पुण्यात हाच मुलगा, मी त्याचा कप्पा आवरला तरी घर डोक्यावर घ्यायचा.

रविवारी त्याचा मित्र आला, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारा, आपल्या नागपूरचा. मी आत पोहे परतत होते.

"आठ महिने पाणी बदलत होतो, टूथपिकनं माती काढत होतो," मुलगा सांगत होता. "मातीखालच्या त्या हिरव्या थरातच चेहरे असतात. सगळे गेले. इतका संताप आला ना!"

आईला बोललास का, असं मित्रानं विचारलं.

"छे. तिला काय बोलायचं? चार दिवसांची पाहुणी."

नाण्यांचं वाईट वाटलंच, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो संताप माझ्या हक्काचा होता आणि तो त्यानं परक्याला दिला, हे जास्त लागलं. मी पोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलगा लगबगीनं उठला, माझ्या हातातून ट्रे घेतला आणि म्हणाला, "तू बस ना, आई."

मी बसले.