दम्याच्या पुड्या

इंग्लंडात येऊन पाच महिने झाले होते आणि तिथल्या सरकारी दवाखान्याची पायरी चढायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. आमच्या अहमदपुरात माणूस सरकारीत जातो तो सगळे उपाय थकल्यावर. पण त्या आठवड्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, पोटात अन्न टिकत नव्हतं. एके सकाळी कामावरच कोसळलो आणि ॲम्ब्युलन्सनं मला थेट तिथंच नेलं.

ओळखीचा कंपाउंडर नाही, कुणी पैशांचं विचारेना. फुकटात एवढी धावपळ चाललेली पाहून माझी पाचावर धारण बसली. सिस्टरनं रक्तदाब दोनदा मोजला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

"कोणती औषधं घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणतीच नाही."

तसं खोटं नव्हतं. इथली हवा मानवली म्हणून दम्याच्या पुड्या मी दहा दिवसांपूर्वीच सोडल्या होत्या. पुड्या म्हणजे आमच्या गल्लीतले डॉक्टर कागदात बांधून देत त्या सुट्या गोळ्या. चार वर्षं घेतल्या, पण नाव कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे डॉक्टरसाहेबांवर संशय घेणं, आणि ते आमच्याकडे चालत नाही. परक्यापुढे त्यांची अब्रू कशाला घालवा, हा हेकाही होताच.

तिसऱ्यांदा विचारताना डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "तुम्ही काहीतरी लपवताय. मला कळलं नाही तर मी तुम्हाला वाचवू शकेन असं नाही."

मग सगळं सांगून टाकलं. त्यांनी तिथल्या तिथं इंजेक्शन द्यायला लावलं. गोळीत बहुधा स्टेरॉइड असणार, म्हणाले. वर्षानुवर्षं घेऊन ते एकदम सोडलं तर माणूस दगावतो.

दुपारपर्यंत मला तरतरी आली आणि तरतरी येताच घाम फुटला. आप्पा, माझे वडील, त्याच डॉक्टरांची तीच पुडी बारा वर्षं घेत होते. मागच्या आठवड्यात फोनवर मीच त्यांना शहाणपण शिकवलं होतं, "मी सोडली, बघा कसा ठणठणीत हाय. तुम्हीबी सोडा." स्वतःच्या जिभेचा इतका राग मला कधी आला नव्हता.

घरी फोन लावला. मायनं उचलला.

"आप्पा पुडी घेतात का?"

"न्हाई की. तू सांगितलं त्याच दिवशी सोडली. कालपासून निजूनच हायेत. लई हाका मारल्या, ओ देईनात."

"माय, शेजाऱ्यांना बोलव. गाडी करा, आत्ताच्या आत्ता लातूरला न्या!"

"डॉक्टरसाहेब उद्या येनार हायेत. त्यांना इचारल्याबिगर कसं न्यावं?"

मी ओरडलो, विनवलं. ती घाबरली, पण हलेना. शेवटी तिनं फोन आप्पांच्या कानाशी धरला. मला त्यांचा श्वास ऐकू आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"तूच सांग त्यांना उठायला," माय म्हणाली. "तुझं ऐकतात ते."