न वाजवता घेतलेले नळ

अन्याय झाला तो माझ्या आत्याच्या यजमानांवर, आमच्या आतोबांवर. कधी, तेही नेमकं सांगतो. हैदराबादच्या पोलिस ॲक्शनला वर्ष होत आलं होतं, त्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता. कुठे, तर कोठी भागातल्या मागच्या गल्लीत आपलं मराठी वसतिगृह बांधलं जात होतं, त्याच्या बैठकीच्या खोलीत. खोलीला अजून दार बसलं नव्हतं, त्यामुळे गल्लीतून भाजी घेऊन जाणाऱ्या बायकांनीही सगळं ऐकलं. अन्याय करणारे बांधकाम समितीचे अकरा सभासद होते आणि बारावा मी. अख्ख्या हैदराबादेत बिडाच्या नळाला बोलतं करून त्याच्याकडून खरं काढून घेणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच आपण खोटा ठरवून घरी पाठवला.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. संडास-न्हाणीचं पाणी वरच्या मजल्यावरून खाली नेणारे जे जाड काळे नळ असतात, ते बिडाचे. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पाहुण्याला आपण गच्ची दाखवतो, देवघर दाखवतो, हे नळ कुठून उतरलेत ते दाखवत नाही. आतोबांना मात्र दुसरं काही दिसायचंच नाही. जुन्या ड्रेनेज खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांच्यासोबत आबिड्सच्या बाजारात जाणं ही आम्हा भाचरांना शिक्षा वाटायची. लोक काचेतली घड्याळं आणि साड्या बघत चाललेले, आणि आमचे आतोबा इमारतींच्या मागच्या बोळात मान वर करून उभे. "हा बघ, कसा ओळंब्यात उतरलाय. आणि तो शेजारचा बघ, ताडी पिऊन आल्यासारखा." एकदा एका पेढीच्या मागे असे उभे असताना चौकीदाराने त्यांना हटकलं. आतोबांनी त्यालाच पायरीवर बसवून नळाच्या सांध्यात ताग कसा ठासतात आणि वर शिसं कसं ओततात ते अर्धा तास समजावलं. पुढे तो चौकीदार त्यांना लांबून पाहिलं की लपायचा.

कोटाच्या उजव्या खिशात चिंचेच्या लाकडाची वीतभर मोगरी असायची. तिच्या वजनाने कोट उजवीकडे ओघळायचा आणि आतोबा स्वतःच थोडे कललेले दिसायचे. मोगरी नळ ठोकून पाहायला होती, पण एकदा हाताला सवय लागल्यावर हात कशाला थांबतोय. ते दारं ठोकायचे, खांब ठोकायचे, टरबुजं ठोकायचे. आत्याने बाजारातून आणलेला प्रत्येक माठ आधी त्यांच्यासमोर यायचा, मग तिवईवर जायचा. देवळात घंटेला ठोका देऊन पुजाऱ्याला सांगून आले, "केसाएवढा तडा आहे. देवाला ऐकू येत असेल, पण नीट नाही." माझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी कौतुकाने आणलेला तांब्याचा हंडा त्यांनी भर मांडवात वाजवला आणि म्हणाले, "ह्याला बुडाशी डाग दिलाय." वडील दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या सासरी हंडा भरला आणि स्वयंपाकघरात तळं झालं, त्यानंतर तर महिनाभर बोलले नाहीत. बरोबर असण्याची एवढी शिक्षा भोगलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नळ निवडायला निघाले की मुलीसाठी घर बघायला निघाल्यासारखा थाट. सकाळी सातला राणीगंजच्या गोदामात हजर. आधी सगळे नळ उन्हात मांडायला लावायचे आणि स्वतः सावलीत सुपारी कातरत दुपारपर्यंत बसून राहायचे. व्यापारी वैतागायचा. पण ओतताना राहिलेली भोकं मेणाने बुजवून वर डांबर फासायची लबाडी जुनी आहे, आणि हैदराबादचं ऊन मेणाला गप्प बसू देत नाही. बारा वाजले की लबाड नळाला घाम फुटायचा. मग उरलेले नळ दोन फळ्यांवर घरंगळत सोडायचे. जाडी सगळीकडून सारखी असेल तर नळ कुठेही थांबतो. एक बाजू जाड आणि दुसरी पापडासारखी असेल तर दर वेळी जड बाजू खाली घालूनच थांबतो. "एकाच कुशीवर झोपणारा नळ घेऊ नये," हे त्यांचं ठाम मत. एका स्थळाला त्यांनी याच कारणाने नकार कळवला होता: मुलगा चांगला आहे, पण काहीही विचारलं तरी शेवटी स्वतःच्या पगारावरच येऊन थांबतो. सगळ्यात शेवटी मोगरी. नळ दोन विटांवर टेकवायचा आणि हलका ठोका द्यायचा. निकोप नळ लांबवर घुमतो, तडकलेला जागच्या जागी मरतो. सोबत एक म्हातारे मिस्त्री असायचे, शिसं ओतून ओतून ज्यांच्या भुवया जळाल्या होत्या. ते डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "हौ साब, ये गाता." नाहीतर, "नक्को साब, ये गूँगा है." गुंगा नळ बाजूला पडायचा, मग तो व्यापारी आतोबांचा व्याही का असेना.

इथवर हसलात, ठीक आहे. मीही हसत आलो. आता पुढचं ऐका.

ॲक्शनच्या आधीच्या वर्षी मी जुन्या राजवटीविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. सापडलो असतो तर आज हे लिहायला उरलो नसतो. ती पत्रकं कुठे असायची? काचीगुड्याला आतोबांच्या परसात, चाफ्याखाली आडव्या पडलेल्या एका बिडाच्या नळात. मीच लपवली होती, त्यांना न विचारता. एका दुपारी झडती आली. शिपायांनी पेट्या उलथल्या, धान्याच्या कणग्या उपसल्या, आत्याचं देवघर विस्कटलं. आतोबा परसात गेले, नळाच्या दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि जमादाराला "आईये, बैठिये" म्हणत त्याच नळावर बसवून घेतलं. मग ताग कसा ठासतात आणि शिसं कसं ओततात, अगदी पहिल्यापासून. अर्ध्या तासाने जमादार उठला आणि शिपायांना घेऊन जवळजवळ पळाला. संध्याकाळी मी घाबरत गेलो तर आतोबा एवढंच म्हणाले, "कागद कोरडे आहेत. पण चिंध्या कसल्या कोंबतोस, ताग घे." त्या नळाच्या तोंडाशी जुन्या सरकारची उर्दू अक्षरांतली मोहोर ओतलेली होती. माझं स्वातंत्र्य पावसाळाभर त्या मोहोरेच्या आत कोरडं राहिलं, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

वसतिगृहाचं काम निघालं तेव्हा समितीने नळांची निवड आतोबांकडे दिली. राणीगंजला एका जुन्या व्यापाऱ्याकडे त्यांना माल सापडला. कुठल्याशा सरकारी इमारतीसाठी ओतलेला, ती इमारत झालीच नाही. उन्हात एकालाही घाम फुटला नाही. एकूणएक नळ गात होता. मिस्त्री म्हणाले, "साब, ऐसा माल अब कौन ढालता." फक्त प्रत्येकाच्या तोंडाशी तीच मोहोर होती. त्याच वेळी एका नव्या कंत्राटदाराने दुसरे नळ आणून फाटकात उतरवले. चकचकीत काळे, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरांत "जय हिंद".

मी ना हे नळ पाहिले होते ना ते. पण मोहोरेचं कानावर आलं आणि मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: "स्वतंत्र वसतिगृहात गुलामीचे नळ?" सोमवारी सकाळी ते सगळ्यांच्या हातात होतं. अध्यक्ष वकीलसाहेब. ॲक्शनच्या आदल्या आठवड्यापर्यंत हे गृहस्थ शेरवानीत असायचे, नंतरच्या आठवड्यात अंगावर अशी कडक खादी चढली की बसताना तिचा आवाज व्हायचा. त्यांनी माझं पत्रक उचलून विचारलं, "काय हो, ही अक्षरं आपल्या मुलांच्या उशाशी नांदणार का?"

आतोबा म्हणाले, "वकीलसाहेब, अक्षर बाहेरच्या अंगाला आहे. आतून जे जाणार आहे, त्याला वाचता येत नाही."

कोणी हसलं नाही. "तीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंत," वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हाला मोहोर गोड लागणारच."

"मोहोर राहू द्या. बायका साधा माठ घेतात तोही वाजवून घेतात. तुम्ही इमारतीची आतडी न वाजवता घेताय. त्या नव्या नळांना मला एकेक ठोका मारू द्या, मग तुम्ही म्हणाल ते."

"जय हिंद लिहिलंय त्यावर, आणि तुम्ही मोगरी मारणार?"

झालं. इतका बिनतोड मुद्दा ऐकून अकरा जण कृतार्थ झाले. ठराव लिहिला गेला: "सदर गृहस्थांची जुन्या राजवटीशी असलेली निष्ठा लक्षात घेता त्यांचा सल्ला अमान्य करण्यात येत आहे." आतोबांनी मोगरी खिशात ठेवली, माझ्या पत्रकाची नीट घडी घालून ती दुसऱ्या खिशात ठेवली, आणि दार नसलेल्या दारातून बाहेर गेले. मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो. झडतीची गोष्ट सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं. मी सांगितली नाही. टाळ्या माझ्या पत्रकाला पडत होत्या.

पुढचं तुम्हाला नाकाने ठाऊक आहे. नळ बाहेरून दिसले तर शोभा जाते म्हणून वकीलसाहेबांनी ते भिंतीतून चिणून घेतले. पहिल्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली, गच्ची गळते म्हणून गच्चीला कोबा केला. दुसऱ्या पावसाळ्यात वास सुटला, तेव्हा चुना मारला आणि मुलांना सांगितलं की खिडक्या उघड्या ठेवत जा. मग घाण भिंतीलगतच्या आडात उतरली आणि तीन मुलं विषमज्वराने अंथरुणाला खिळली. परभणीकडचा एक तर इंटरची परीक्षा तोंडावर असताना झोळीसारखा उचलून गाडीत घालावा लागला. त्याचं वर्ष गेलं. त्याच्या बापाने समितीला पत्र लिहिलं, त्याला उत्तरही गेलं नाही.

मी आतोबांकडे गेलो. म्हटलं, "एकदा येऊन बघा." ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "माझी निष्ठा संशयाची आहे, बाबा. गळती शोधायला मी नळात धूर केला तर तो जुन्या राजवटीचा निघायचा. तूच कर." आणि कसं करायचं ते सांगितलं. गच्चीवरचं नळाचं तोंड ओल्या पोत्याने बंद करायचं, खालच्या हौदीत ओलं गवत आणि तेलकट चिंध्या पेटवून वर झाकण दाबायचं, आणि घरात जाऊन भिंतींकडे बघत बसायचं. मी तसंच केलं. धूर चार ठिकाणांहून निघाला. सगळ्यात आधी बैठकीच्या खोलीत, समितीची नावं कोरलेली संगमरवरी पाटी बसवलीय ना, तिच्या कडांमधून. पाहता पाहता अकराच्या अकरा नावं धुरात गेली. बारावं नाव पाटीवर नव्हतं. ते पत्रकाखाली छापलेलं होतं.

भिंत फोडली. नळाला नखाने खरवडलं तर मेण हातात आलं. एक नळ वरपासून खालपर्यंत तडकला होता. रंग मात्र शाबूत होता, अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

आता समिती म्हणते, झालं गेलं विसरा. नव्या नळांचा ढीग फाटकापाशी येऊन पडलाय. वकीलसाहेबांनी माझ्याजवळ निरोप दिला, "तुमच्या आतोबांना म्हणावं, सहज एक नजर टाका." सहज. वहीतला ठराव जसाच्या तसा, आणि ह्यांनी येऊन सहज नजर टाकायची. मी तो निरोप दिलासुद्धा नाही.

परवा मी काचीगुड्याला होतो. आत्याने नवा माठ आणला आणि आजवरच्या सवयीने आतोबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि तसाच तिवईवर ठेवला. "चांगलाच असेल," म्हणाले. खुंटीवरचा कोट आता सरळ लोंबतो. तो घालून ते बाहेर निघाले की पाठमोरे ओळखू येत नाहीत, कोणी ताठ चालणारा परका माणूस वाटतो. कललेले आतोबा पुन्हा दिसतील का, मला माहीत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला वसतिगृहाची सर्वसाधारण सभा आहे. तुम्ही सभासद आहात. तो ठराव खोडायची सूचना मी मांडणार आहे, आणि झडतीची गोष्ट त्याच खांबाशी उभं राहून सांगणार आहे. भाचा घरच्या माणसाची वकिली करतोय म्हणून मला खाली बसवतील. तेव्हा अनुमोदनाला हात तुमचा वर हवा. वर येण्याआधी फाटकापाशी थांबा, छत्रीच्या मुठीने त्या ढिगातल्या एकेका नळाला ठोका मारा, आणि कोणता गातो ते ओळखता येतं का बघा. येणार नाही. मग ठराव खोडून झाल्यावर काचीगुड्याला जा, चाफ्याच्या घराचं दार वाजवा, आणि वहीतलं ते खोडलेलं पान त्यांच्यासमोर धरून त्यांना मोगरीसकट घेऊन या. मी नळांचं नाव काढलं की आता ते उठून आतल्या खोलीत जातात. तुम्ही जा.